पाण्याचा विषय

"पाण्याचा विषय मॅडमच्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून लांब उभं राहून अभ्यास केलाय त्यांनी!"

आमचे विभागप्रमुख माइकवर हे बोलले आणि सभागृह हसलं. दिल्लीहून आलेले पाहुणे हसले. पहिल्या रांगेतले प्राचार्य हसले. माझे एम.ए.चे विद्यार्थी आधी गोंधळले, मग तेही हसले. मी व्यासपीठावर होते. हातात शोधनिबंधाची पानं.

मीही हसले.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणावर दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. मी तोच विषय शिकवते. शेजारी देश एका नदीचं पाणी कसं वाटून घेतात, करार कसे होतात, कसे मोडतात, यावर माझी पीएच.डी. आहे. सर माझी ओळख करून देत होते. पीएच.डी. राहिली बाजूला. ओळख ही एवढीच झाली.

मी निबंध वाचला. काय वाचलं ते आठवत नाही. कान तापले होते. तहान लागली होती. समोर पाण्याची बाटली होती, पण हात पुढे होईना. वाटलं, आता मी पाणी प्यायले तरी हे लोक हसतील.

ती विहीर खरी होती. माझ्या आईच्या माहेरची. आई लहान असताना आमच्या लोकांना विहिरीवर चढू देत नसत. हंडा खाली ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली होती. एकदाच, चहा पिताना. सरांनीच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही या विषयाकडे वळलात कशा?" मला वाटलं, एक सहकारी विचारतोय. मन मोकळं करून सांगितलं.

तेच त्यांनी माइकवर वाजवलं.

माझे वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. तिथून पुण्याला एम.ए. करायला गेले. पीएच.डी.च्या मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "परराष्ट्र धोरण? तुम्ही सामाजिक न्यायावर काम का करत नाही? तुम्हाला ते जवळचं." म्हणजे जग त्यांचं, आणि आमच्या वाट्याला आमची वस्ती. मी हट्टाने विषय बदलला नाही. नोकरी लागली. तिथेही तसंच. जयंतीचं भाषण मला. वसतिगृहातली भांडणं मिटवायला मी. चर्चासत्र असलं की शेवटचं आभारप्रदर्शन मला. बीजभाषण कायम विभागप्रमुख सरांचं. मी गप्प राहून काम करत गेले. प्रोफेसर झाले. वाटलं, आता तरी माणसात धरतील.

त्या दिवशी आई सभागृहात होती. मला बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. नवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली होती.

घरी आल्यावर म्हणाली, "लय लोक आलते गं. पण सगळे हसले कशाला?"

"सरांनी गंमत केली."

"काय गंमत?"

मी पर्स खुंटीला अडकवली.

"मागं नीट ऐकू नाय आलं," आई म्हणाली. "पण तू हसलीस, म्हणून मीबी हसले."

मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. माझी आई स्वतःच्याच अपमानावर हसली होती. मी हसले म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. शब्द न् शब्द.  ती उठली, साडी बदलली, घडी घालून कपाटात ठेवली.

"उद्या मी येत नाय," ती म्हणाली. "तू जा. पण हसू नको."

दुसऱ्या दिवशी समारोप. आभार मानायला मला बोलावलं. मी माइकसमोर उभी राहिले. 

"काल माझ्यावर एक विनोद झाला," मी म्हणाले. "त्यातली विहिरीपासून लांब उभी राहिलेली बाई म्हणजे माझी आई. काल ती या सभागृहात शेवटच्या रांगेत बसली होती. तुम्ही तिच्यावर हसलात. मीही हसले, त्याची मला लाज वाटते. तुम्हाला वाटते का, ते तुमचं तुम्ही बघा. आज मी कुणाचेही आभार मानणार नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. पाहुणे मोबाइलमध्ये बघत राहिले. सर जागेवरूनच म्हणाले, "मॅडम, विनोद होता हो! इतकं मनाला लावून घ्यायचं?"

"हो," मी म्हणाले. "लावून घ्यायचं."

आणि खाली उतरले. फार मोठं काही केलं असं वाटलं नाही. चारचौघांत अंगावरचं कापड ओढलं गेल्यासारखंच वाटत होतं.

नव्या वेळापत्रकात आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर माझ्याकडून काढला. मला प्रथम वर्षाचे तास दिले. एक सहकारी हळूच म्हणाले, "प्रोफेसर झालात, पगार चालू आहे, आता कशाला वाढवता?" मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हणाले, "हा पेपर मला शिकवता येत नाही, असं लेखी द्या. खाली सही करा." त्यांनी दिलं नाही. पेपरही परत दिला नाही. मी विद्यापीठाकडे तक्रार केली आहे. ती मागे घ्या म्हणून रोज कुणीतरी सांगायला येतं.

मी घेणार नाही. लाज अजून गेलेली नाही. कॉरिडॉरमध्ये सर दिसले की आजही कान तापतात. तापू देत. माझा विषय मी सोडणार नाही. आणि यापुढे माझ्या माणसांवर कुणी तोंड टाकलं, तर उत्तराला दुसरा दिवस उजाडू देणार नाही. तिथेच देईन. त्याच माइकवर.