विल या शब्दाचे अर्थ
संत्रं सोललं की मला अमरावतीची आमची बैठक आठवते. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, यजमानांनी नुकतीच वकिली सुरू केली होती आणि मी घरीच इंग्रजी शिकत होते. शेंदूरजन्याचे संत्र्यांचे एक आजारी बागाईतदार बायकोसह विल करायला आले. "विल म्हंजे काय जी?" बाईंनी विचारलं. "मृत्युपत्र," यजमान म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. मी धीर करून दारातून म्हणाले, "विल म्हणजे इच्छासुद्धा. उद्या येईन, करीन म्हणतानाही तोच शब्द लागतो." यजमान माझ्याकडे बघतच राहिले. बागाईतदार हसले. "मंग तसंच लिवा, साहेब. बाग हिले देईन. अन् यंदाचा बहर पाहूनच जाईन." तो बहर त्यांनी पाहिला. मरण, इच्छा आणि उद्याचा दिवस एवढ्याशा शब्दात कसे मावले, याचं नवल मला या वयातही वाटतं.