घोडेवाल्याची विशेषणे

“माथेरानचा तो घोडेवाला निव्वळ ऐटीसाठी ‘शॉकिंग’, ‘हॉरिबल’ असे ओरडत असे,” असे कर्जतचे एक निवृत्त मास्तर अजूनही चारचौघांत सांगतात. मास्तर त्या घोड्यावर कधी बसले नव्हते. मी बसलो होतो.

बेचाळीसच्या चळवळीनंतर इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी शपथ मी घेतली होती. हा गृहस्थ मात्र लगाम धरून चालताना माकडाने कुणाची टोपी पळवली की कपाळावर हात मारून “शॉकिंग!” म्हणे आणि कोसळलेली दरड दिसली की “हॉरिबल!”

मी संतापून विचारले, “अहो, तुम्हाला मराठीत घाबरता येत नाही का?”

“येतंय की, दादा. पन मराठीत घाबरलो तर ह्यो थांबत नाय,” घोड्याची मान थोपटत तो म्हणाला. “आदी मडमेचा व्हता. ती असं काय बोलली की लगाम खेचायची. त्याला तेवढंच कळतंय.”

ही शुद्ध थाप आहे, असे त्याला सुनावून मी लगाम हिसकावला आणि टाच मारली. घोडा थेट कड्याकडे उधळला. मी लगाम ओढला, “थांब” म्हणालो, “थांब रे बाबा” म्हणालो, कुलदैवताचाही धावा केला. मागे राहिलेल्या घोडेवाल्याला धापेमुळे शब्द फुटेना. तो मला नुसते हात जोडीत होता.

शपथ मोडली, हे मी कधी लपवले नाही. मास्तरांनी आपले मत खुशाल बाळगावे, मात्र मी डोळे मिटून “हॉरिबल!” असे ओरडलो आणि घोडा थांबला.