ड्रिल मास्तरांची शिट्टी

ड्रिल मास्तरांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. उन्हाळ्यात लेकीने आपली दोन कुत्री सांभाळायला आणून दिली, तेव्हा ते गरजले, "आठवड्याभरात शिस्त लावतो की नाही, बघ!" बायकोने पिशवीत बिस्किटांचा पुडा टाकला.

दुसऱ्या दिवशी बायकोला आणि कुत्र्यांना घेऊन डोंगरावरच्या तळ्यापर्यंत तीन तास चढून मास्तर घामाघूम झाले. पाणी दिसताच कुत्र्यांनी हिसडा मारून धूम ठोकली आणि थेट तळ्यात उड्या घेतल्या. मास्तरांनी छाती भरून शिट्टी फुंकली. कुत्र्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण झाडाखाली डबा खात बसलेला एक टकलू गृहस्थ ताडकन उठला आणि सुटलेलं पोट आत ओढून सावधान स्थितीत उभा राहिला. घास अजून तोंडातच होता.

"हजर, सर! आठवी ब!"

"बघत काय राहिलास? आण त्यांना बाहेर!"

तो बिचारा बुटांसकट पाण्यात शिरला. खेळायला गडी मिळाला म्हणून कुत्री आणखी आत गेली.

बायकोने शांतपणे पुडा फोडला. दोन्ही कुत्री धावत तिच्या पायाशी आली.

"तुमची शिस्त तिकडे कमरेइतक्या पाण्यात उभी आहे," ती म्हणाली. "तिलाही एक बिस्कीट दाखवा."