व्याह्यांची दोन घड्याळं

काळाला थांबवण्याची शक्ती ज्यांच्या हाती असते, अशा मोजक्या माणसांत छायाचित्रकाराची गणना करावी लागते. मी ही शक्ती बरीच वर्षं जळगावच्या सराफांसाठी बांगड्यांवर वापरत आलो आहे. बांगडी मुळातच हलत नाही.

या अनुभवाच्या जोरावर भाचीच्या लग्नात माझ्यावर एक जबाबदारी आली. तिच्या वडिलांकडे, म्हणजे आमच्या दाजींकडे, एक स्विस क्रोनोग्राफ आहे. तिच्या धुळ्याच्या सासऱ्यांकडेही आहे. क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. सेलशिवाय, निव्वळ चाकांवर चालणारं. सेकंदाचाही बारीक तुकडा त्यावर मोजता येतो. दाजी जळगावात पाइप विकतात आणि व्याही नरडाण्याला पत्र्याचे डबे बनवतात. दोघंही गिऱ्हाइकाला माल कधी मिळेल ते सांगताना "याच आठवड्यात बघू" असं म्हणतात.

साखरपुड्यात दाजींनी व्याह्यांचं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. जरा जाड आहे."

तेव्हापासून व्याही त्यांच्याशी बोलत नव्हते. निरोप मात्र यायचे. शेवटचा निरोप हळदीच्या संध्याकाळी आला: दोन्ही घड्याळांचा शेजारी शेजारी फोटो काढा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, लोकांनाच ठरवू द्या. तोवर व्याहीभेट नाही. व्याहीभेट म्हणजे मांडवाच्या दारात दोन्ही बापांनी घ्यायची गळाभेट. ती झाली नाही तर धुळ्यात आयुष्यभर काय ऐकून घ्यावं लागेल, हे भाचीला नीट ठाऊक होतं.

"मामा, कुणाचंच जाड दिसता कामा नये," ती म्हणाली. अंगाला हळद लागलेली असताना इतकी नेमकी तांत्रिक सूचना मला आजवर कुठल्या सराफानेही दिलेली नाही.

लग्नाच्या सकाळी नशिराबादजवळच्या कार्यालयात एका खोलीच्या खिडकीशी मी पांढरी चादर अंथरली, उजेड मऊ पडावा म्हणून तिच्या काचेवर बटर पेपर चिकटवला आणि घड्याळं मांडली. दोन्ही मालक जातीने हजर होते. ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

"मामा, त्यांना सांगा, आमचं उजवीकडे राहील. मुलाकडचं आहे."

"अरे, त्यांना विचार, घड्याळात मुलाकडचं-मुलीकडचं कधीपासून आलं?"

घड्याळाच्या काचेत आधी छताचा पंखा दिसत होता. मग मी दिसलो. मग दाजींचा गुलाबी फेटा दिसला आणि व्याह्यांचं घड्याळ एकदम लाजल्यासारखं झालं.

"असू दे की, खुलतंय," दाजी म्हणाले.

"मामा, तो फेटा बाहेर काढा."

फेटा दाजींसकट बाहेर गेला. समतोल राहावा म्हणून थोड्या वेळाने मी व्याह्यांनाही बाहेर बसवलं.

घड्याळाच्या फोटोत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवण्याचा आमच्या धंद्यात रिवाज आहे. कंपनीचं नाव झाकलं जात नाही आणि घड्याळ हसरं दिसतं. मी दोन्हींच्या चाव्या बाहेर ओढल्या, काटे तिथे आणले आणि चाव्या तशाच राहू दिल्या. चावी बाहेर असेपर्यंत घड्याळ जागचं हलत नाही. मग कॅमेरा बरोबर डोक्यावरून रोखला, कारण जाडी बाजूने दिसते. फोटो सुंदर आला. तो ग्रुपवर टाकतो न टाकतो तोच बाहेर बँड सुरू झाला. दोघं घाईने आत आले, आपापलं घड्याळ मनगटावर चढवून गेलेसुद्धा. खरेही दहाच वाजून गेले होते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

नवरदेवाची मंडळी दारात नाचत होती. बऱ्याच वेळाने गुरुजी बाहेर आले आणि मुहूर्त जवळ आल्याचं म्हणाले.

व्याह्यांनी मनगट वळवलं. "आत्ताशी दहा-दहा, गुरुजी."

दाजींनी स्वतःचं पाहिलं. "दहा-दहाच."

दोन स्विस घड्याळांपुढे गुरुजींना आपला मोबाइल दाखवायचा धीर होईना. नाच चालू राहिला. दाजींना मात्र राहवलं नाही. "मिनिटाला मिनिट जुळतंय की हो भाऊ आपलं," ते थेट व्याह्यांना म्हणाले. शिंदखेड्याकडचे व्याह्यांचे एक म्हातारे आबा शेजारी उभे होते, ते त्यांच्या मनगटावर वाकून म्हणाले, "भाऊ, तुमनं घड्याय बंद शे."

व्याह्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी व्याह्यांकडे. दोघंही हसले.

"आबा, हा क्रोनोग्राफ आहे. मोठा काटा बटण दाबल्याशिवाय पळत नाही. चालू सेकंद या बारक्या तबकडीत असतात."

"मलाही लोक बंद आहे म्हणूनच सांगतात," दाजी म्हणाले. "परवा बँकेच्या मॅनेजरने सांगितलं."

"आमच्या थोरल्या जावयाने विचारलं, सेल बदलून आणू का?"

"सेल!"

"सेल! आता काय बोलणार?"

"काही बोलू नये. मी जाड म्हटलं ते मनावर घेऊ नका हो. भरीव आहे."

"तुमचं नाजूक आहे, पण चालतं अगदी बरोबर."

आबा अजून वाकलेलेच होते. "हाऊ बारका बी हालत नही," ते म्हणाले.

बँडमध्ये ते फक्त मला ऐकू आलं. मी पाहिलं तर दोन्ही चाव्या बाहेर होत्या. सांगायला पुढे झालो, तेवढ्यात दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना अशी काही मिठी मारली की दाजींचा फेटा सुटला. वरच्या खिडकीत मुंडावळ्या बांधलेली भाची डोळे पुसत होती. मी तोंड मिटून फोटो काढला.

दोन घराणी एक होण्याचा तो शुभक्षण पत्रिकेत दहा वाजून बावन्न मिनिटांचा छापला होता. अक्षता पडल्या तेव्हा गुरुजींच्या मोबाइलमध्ये सव्वाबारा झाले होते.