रंगावर आवळलेला बोल्ट

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. मी सोलरची दुरुस्ती करतो. आज मंगळवेढ्यात एका घरी गेलो होतो. तिथल्या काकू म्हणाल्या, "गच्चीवरच्या पॅनेलच्या स्टँडला, रंग उडालाय तिथं, हात लागला की झिणझिण्या येत्यात."

अर्थिंगची वायर होती की, पण रंगवलेल्या स्टँडवर साध्या वॉशरनं आवळलेली. रंगातून करंट वायरीत आणि तिथनं जमिनीत कसा जाणार? दातेरी वॉशर असता तर रंग खरवडून धातूला भिडला असता.

पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, "बोल्ट घट्ट हाय की. बघा हलवून."

फोन ठेवला. रंग घासला, दातेरी वॉशर घालून स्टेनलेसचा बोल्ट बसवला.

काकू म्हणाल्या, "झिणझिण्या नकोत म्हणून मी रबरी चप्पल घालूनच कपडे वाळत घालते. सुनेलाबी तसंच शिकवलंय."

गच्चीवर जाताना तुमच्या घरात कोण चप्पल शोधतंय, आज एकदा विचारा.