मोबाईलला तोरणा दिसत नाही

शुक्रवारी दुपार कलली की रिबकाबाई घड्याळाकडे बघायच्या नाहीत, अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडे बघायच्या. तोरणा गडाची सावली दगडावर चढली की शेजारच्या भिंतीपलीकडून मला हाक यायची, "शालन, आली गं सावली!" मग मोबाईल बंद होऊन पोह्यांच्या डब्यात जायचा आणि शब्बाथचा दिवा लागायचा. दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत डबा उघडायचा नाही.

बाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. मूळच्या अलिबागकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून वेल्ह्याला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. बोली तर पुरती वेल्ह्याची झाली होती. शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस: शनिवारी चूल नाही, बटण दाबणं नाही, फोन नाही. पण नोकरीत असताना कुणी अडलेली बाई आली, की शनिवार असो नाहीतर काही असो, पदर खोचून उठायच्या. "जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडायचाच असतो," म्हणायच्या.

त्यांचा एकुलता एक दानियल इस्राएलमध्ये नोकरीला. तो स्वतः शनिवार पाळत नव्हता. आईला मोबाईल त्यानंच पाठवला, त्यात शब्बाथ कधी लागतो नि कधी सुटतो ते सांगणारं अ‍ॅपही घालून दिलं. पहिल्याच शुक्रवारी बाई फोन बंद करायला विसरल्या. दिवा लावून बराच वेळ झाला आणि डब्यात पोह्यांखालून घंटी वाजू लागली. अ‍ॅप सांगत होतं, आता शब्बाथ लागेल! बाईंनी डब्यावर गोधडी टाकली आणि कपाळाला हात लावला. "शब्बाथ सांगाया शब्बाथ मोडतोय बघ मेला! त्याला बिचाऱ्याला तोरणा कुठं दिसतोय? हितं सूर्य कवाच डोंगराआड गेला."

अ‍ॅप त्यांनी टाकून मात्र दिलं नाही. पावसाळ्यात चांदणी दिसायची मारामार, तेव्हा शुक्रवारीच त्यातली शनिवारची शब्बाथ सुटायची वेळ बघून ठेवायच्या. "चार महिने त्याचं ऐकायचं, आठ महिने आपल्या डोळ्यांचं."

दानियलला हे पटत नव्हतं. एकटी बाई, वय झालेलं, आणि दर शनिवारी फोन बंद. शेवटी त्यानं निक्षून सांगितलं, "आई, फोन चालू ठेव. नाहीतर घर विकून तुला इकडं घेऊन येईन." बाई ढिम्म हलल्या नाहीत. "कुणाचा जीव जात आसंल तर फोन उचलीन. काळजीनं कोण मरत न्हाई." त्याला असं बोलल्या, पण मला म्हणाल्या, "शालन, खरंच नेलं तर गं? हितं नवऱ्याचं घर हाय माजं." पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले पाहिले.

आणि ऐन वैशाखात, एका शनिवारी अवचित आभाळ भरून आलं. आदल्या दिवशी लख्ख ऊन, त्यामुळं बाईंनी अ‍ॅप बघितलंच नव्हतं. अंधार पडून बराच वेळ झाला आणि माझा फोन वाजला. दानियल! "मावशी, आईचा फोन अजून बंद आहे. बघा ना जरा!" मी चप्पलही न घालता पळाले. बाई ओट्यावर मान वर करून बसलेल्या. "दोन दिसल्या. तिसरी ढगात हाय."

"अहो बाई, तो तिकडं अर्धा झालाय काळजीनं!" मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आभाळाकडेच बघत म्हणाल्या, "तुला कुणाला सांगायचं आसंल तर सांग बाई, मी बरी हाय."

आता हा चिडणार, आईला नेणार, असं वाटून मी फोन बंद करायला गेले. पण दानियल म्हणाला, "असू दे मावशी. फोन तसाच धरा. मला बघू दे."

ढग फाटला, तिसरी दिसली. बाई उठल्या, शब्बाथ सुटल्याचा दिवा लावून प्रार्थना म्हटली, रिवाजाप्रमाणे सब्जाची पानं हुंगली. मग पोह्यांचा डबा उघडून आपला मोबाईल काढला आणि लेकाला फोन लावला. "लागंना गं! कुणाशी बोलतोय हा एवढं?" माझ्या हातातल्या फोनमध्ये दानियल हसता हसता डोळे पुसत होता. आईला न्यायचं नाव त्यानं परत काढलं नाही.

पुढं बाई वारल्या त्या एका मंगळवारी. फोन चालू, चार्जिंग भरपूर. पुण्याला माती दिली. दानियल आला होता. जाताना त्यानं घरातून तो पोह्यांचा डबा तेवढा नेला.

परवा बाईंच्या अंगणातल्या आंब्याला मोहोर आला. ते सांगायला मी त्याला फोन केला, तर बंद. दुपारी बंद, संध्याकाळी बंद. नको नको ते मनात यायला लागलं. जेवणं उरकून मी भांडी घासत होते तेव्हा त्याचाच फोन आला.

"मावशी, शनिवार ना आज. फोन डब्यात होता."

"मेल्या, आधी सांगायचं नाही होय रे!" मी ओरडले, आणि खरकट्या हातांनीच रडायला लागले.