नारूच्या चित्रातला पाय

धुळ्याला मी शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलांना चित्रकला शिकवत असे. स्वराज्य आले होते, पण आमच्या आरोग्याच्या तक्त्यावरचा नारू, पायातून निघणारा तो दोऱ्यासारखा जंत, नुसताच टांगलेला. लोकांना तो हलताना दिसला पाहिजे, हा माझा हट्ट. कॅमेरा आम्हाला कोण देणार? सिनेमाच्या तंबूवाल्याकडून टाकाऊ फिल्म आणली, धुण्याच्या सोड्याने घासून कोरी केली आणि तिच्यावरच टाकाने चित्रे काढायला मुलांना शिकवले. एका सेकंदाला चोवीस. बाई बारवेच्या पायऱ्या उतरते, पाय पाण्यात बुडतो, फोडातला नारू पिले सोडतो, तेच पाणी दुसरी प्यायला भरून नेते. मुले दोन महिने खपली.

मग खात्याचे साहेब पाहायला आले.

"गुरुजी, बाईची पोटरी दिसते. असभ्य आहे. पाय काढून टाका."

"मग नारू काय पदरातून काढू?"

"तर मग मुलांची प्रमाणपत्रेही विसरा."

पाय सडला तरी यांची सभ्यता शाबूत. तो दिसला की बिघडते! हे मी त्यांना तोंडावर ऐकवले. आणि मुलांचे चेहरे पाहून कात्रीही मीच चालवली.

भडगावजवळच्या एका जत्रेत, सिनेमाच्या तंबूत, संध्याकाळच्या खेळाआधी, फिल्म लावली. बाई पायरी उतरली ती एकदम नाहीशीच झाली. पाण्यात मात्र किडे वळवळू लागले.

"बठ्ठी जादू शे!" सगळी जादूच आहे म्हणून कुणीतरी ओरडले. तंबू हसला.

पुढे बसलेली एक अक्का उठली. तिच्या पायाला चिंधी होती, चिंधीत काडी आणि रोज थोडा थोडा ओढून काडीला गुंडाळलेला नारू.

"गुरुजी, पाय कोठे गया? नारू तं पायमाच ऱ्हास!"

नारू पायातच राहतो, हे तिला पक्के ठाऊक. मी विचारले, "अक्का, याच पायाने बारवेत उतरता?"

"मंग! थंडा पाणीमा बरं वाटस."

हेच तर चित्रात सांगितले होते. तेवढेच मी कापले होते.

एका विद्यार्थ्याने तो तुकडा वहीत जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तंबूवाल्याकडच्या फिल्म जोडायच्या द्रावाने आम्ही तो जागच्या जागी चिकटवला. साहेबांना विचारले नाही. त्यांनी अडवलेल्या प्रमाणपत्रांसाठी पुढे वर्षभर भांडलो, ते वेगळे.

त्या संध्याकाळी अक्का पुन्हा आली. पडद्यावरचा पाय पाण्यात बुडला, पिले सुटली, आणि तिने आपला पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतला.